१२८ जीबीचा लॅपटॉप आणि क्लाउड: वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांपैकी जागा खरंच कोण वाचवतं?

१२८ जीबीच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह ११९ जीबीचाच दिसतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. या ११९ मधून विंडोज ११, त्याचे अपडेट, राखीव जागा आणि हायबरनेशनची (लॅपटॉप झोपवताना चालू काम साठवणारी) फाइल मिळून ३५-४० जीबी सहज जातात. ऑफिसला आणखी ४ जीबी लागतात. मोठे अपडेट अडू नयेत म्हणून २० जीबी मोकळे ठेवलेले बरे. ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि इतर प्रोग्रॅम बसवून झाले की स्वतःच्या फाइलींसाठी जेमतेम ४० जीबी उरतात. एवढ्या जागेत लग्नाचे दोन व्हिडिओ आणि चार वर्षांचे फोटो मावत नाहीत.

अशा वेळी 'क्लाउड घे, जागा होईल' असं हमखास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. क्लाउडचं ॲप चुकीच्या सेटिंगवर चालत असेल तर लॅपटॉप उलट लवकर भरतो, कारण क्लाउडवर आहे ते सगळं ॲप गुपचूप खाली उतरवून ठेवतं. म्हणून इथे तिन्ही सेवा तीन गोष्टींवर तपासल्या आहेत. फाइल लॅपटॉपवर नसतानाही फोल्डरात दिसते का? दोनदा क्लिक केल्यावर उघडते का? आणि काम संपल्यावर तिने घेतलेली जागा परत मिळते का? पहिल्या दोन गोष्टी आता सगळ्यांना जमतात. खरा कस लागतो तो तिसऱ्या गोष्टीत.

वनड्राइव्ह

विंडोजच्या लहान लॅपटॉपसाठी आमची पहिली पसंती वनड्राइव्हला आहे आणि त्याचं कारण म्हणजे 'फाइल्स ऑन-डिमांड'. २०१७ च्या फॉल क्रिएटर्स अपडेटसोबत ही सोय विंडोज १० मध्ये आली. वेगळा ड्राइव्ह उघडावा लागत नाही. नेहमीच्या फाइल एक्सप्लोररमध्येच प्रत्येक फाइलच्या बाजूला एक चिन्ह दिसतं. निळा पोकळ ढग असेल तर फाइल फक्त क्लाउडवर आहे. पांढऱ्या गोलात हिरवी टिक असेल तर ती तुम्ही उघडली म्हणून खाली उतरली आहे आणि पुन्हा वर पाठवता येते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक असेल तर 'ही कायम इथेच ठेव' असं तुम्ही सांगितलेलं आहे, म्हणून विंडोज तिला आपणहून हात लावत नाही.

चिन्हावर विश्वास बसत नसेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' असे दोन आकडे असतात. ढगाचं चिन्ह असलेल्या दीड जीबीच्या व्हिडिओचा पहिला आकडा दीड जीबीच दिसेल, पण दुसरा शून्य. अख्ख्या फोल्डरचंही असंच तपासता येतं. जागा कुठे गेली ते शोधताना पहिला आकडा पाहून घाबरू नका. लॅपटॉपवरची जागा दुसऱ्या आकड्यात कळते.

जागा परत मिळवायची तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडायचं. फाइल वर पूर्ण चढलेली नसेल, म्हणजे दोन गोल बाणांचं चिन्ह अजून फिरत असेल, तर ती मोकळी होत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर एकमेव प्रत नाहीशी झाली असती. अडकलेली फाइल शोधायला टास्कबारवरच्या ढगावर क्लिक करा. बहुतेक वेळा ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असते, नाहीतर तिच्या नावात खोट असते. नावांचा विषय पुढे येतोच.

रोज हाताने जागा मोकळी करणं कुणालाच जमत नाही. वनड्राइव्ह इतरांच्या पुढे जातं ते इथे, कारण विंडोजचं 'स्टोरेज सेन्स' ते काम करतं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, स्टोरेज सेन्स या वाटेने जा आणि ते सुरू करा. खाली क्लाउडमधल्या फाइलींसाठी वेगळा भाग आहे. तिथे वनड्राइव्हपुढे १, १४, ३० किंवा ६० दिवस निवडता येतात. तेवढे दिवस न उघडलेल्या फाइली आपोआप फक्त क्लाउडवर राहतात. १२८ जीबीच्या लॅपटॉपला १४ दिवस ठीक, २५६ जीबीच्या लॅपटॉपला ३०. 'जागा कमी पडल्यावरच चालव' हा पर्याय बदलून 'दर आठवड्याला' करा. ड्राइव्ह काठोकाठ भरेपर्यंत थांबण्यात काही हशील नाही.

त्याच पानावर एक धोका आहे. 'डाउनलोड्स' फोल्डरमधल्या जुन्या फाइली काढण्याचा पर्यायही तिथेच शेजारी असतो. क्लाउडच्या फाइलींबाबत स्टोरेज सेन्स फक्त लॅपटॉपवरची प्रत सोडतं, पण डाउनलोड्समधून काढलेली फाइल खरोखर जाते. लाइट बिलं, हॉल तिकिटं, बँकेची स्टेटमेंट्स बहुतेकांच्या डाउनलोड्समध्येच पडलेली असतात. तिथे 'नेव्हर' ठेवा. शिवाय स्टोरेज सेन्सचं हे काम विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथेच चालतं. वनड्राइव्हचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं असेल तर मोकळं करण्याचं काम पुन्हा हातानेच करावं लागतं.

वनड्राइव्हचं फोल्डर एसडी कार्डवर ठेवायची कल्पना अनेकांना सुचते. फाइल्स ऑन-डिमांडला एनटीएफएस नावाची फॉरमॅटची पद्धत लागते आणि ६४ जीबी किंवा मोठी कार्डं एक्सफॅट या वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतात. कार्ड फॉरमॅट करून ते जमवता येईल, पण निघू शकणाऱ्या कार्डावर सिंक (लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या फाइली सतत जुळवत राहणं) चालवणं हा दुखणं ओढवून घेण्याचा प्रकार आहे. कार्डावर बदल न होणाऱ्या गोष्टी ठेवा: चित्रपट, गाणी, जुने व्हिडिओ.

आता वनड्राइव्हचे दोष. फुकट जागा फक्त ५ जीबी. नवा लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा बॅकअप बऱ्याचदा पुढे-पुढे दाबतानाच सुरू होऊन जातो. मग डेस्कटॉप प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसतो आणि ५ जीबी भरायला वेळ लागत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून आउटलुक डॉट कॉमच्या मेलमधल्या अटॅचमेंटही याच जागेत मोजल्या जातात. त्यामुळे जागा संपली की त्या पत्त्यावर मेल येणंही थांबू शकतं. फुकट खातं वापरणाऱ्यांनी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे जाऊन निदान पिक्चर्स तरी बंद करावं.

बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या 'डेस्कटॉप'मध्ये असू शकतात आणि 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाचा शॉर्टकट तिथवर नेतो. त्या परत जुन्या जागी आणायच्या तर आधी सगळ्या खाली उतराव्या लागतात, म्हणजे तेवढी मोकळी जागा हाताशी हवी. सी ड्राइव्ह भरल्यावर हा प्रयोग करू नका.

सर्वांत महागात पडणारी गोष्ट डिलीटची. ढगाचं चिन्ह असलेली फाइल 'जागा खात नाही, तरी कशाला ठेवू' म्हणून डिलीट केली तर ती क्लाउडवरूनही जाते, मोबाइलवरूनही जाते, आणि लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. ती वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये असते; वैयक्तिक खात्यात ३० दिवस. तेवढ्या मुदतीत तिथून परत आणता येते. जागा हवी तर 'फ्री अप स्पेस', फाइलच नको असेल तर 'डिलीट'. घरातल्या प्रत्येकाला हा फरक समजावून सांगावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

कधी कधी काही न करता फाइली पुन्हा खाली उतरायला लागतात. एखादा फोटो मॅनेजर, बॅकअपचा प्रोग्रॅम किंवा शोध घेणारं टूल प्रत्येक फाइल उघडून पाहतं आणि विंडोजला वाटतं, ती तुम्हालाच हवी आहे. अशा वेळी कोपऱ्यात सूचना येते आणि त्या प्रोग्रॅमला तिथेच अडवता येतं. अडवलेल्या प्रोग्रॅमांची यादी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ऑटोमॅटिक फाइल डाउनलोड्स इथे मिळते. पेन ड्राइव्हवर कॉपी करतानाही हेच होतं. क्लाउडवरचं २० जीबीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकलं तर ते आधी सी ड्राइव्हवर उतरतं, मग पुढे जातं, आणि सी ड्राइव्हवरची प्रत तशीच राहते. थोडं थोडं कॉपी करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर जागा मोकळी करा.

गुगल ड्राइव्ह

फुकट १५ जीबी, म्हणजे वनड्राइव्हच्या तिप्पट. पण ते जीमेल, गुगल फोटो आणि ड्राइव्ह यांत वाटलेले आहेत. १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही. फोन आणि लॅपटॉपला एकच खातं असेल तर लॅपटॉपच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

लॅपटॉपवर 'गुगल ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' टाकल्यावर सेटिंग्जमध्ये दोन पर्याय दिसतात, 'स्ट्रीम' आणि 'मिरर'. लहान लॅपटॉपवर डोळे मिटून 'स्ट्रीम' निवडा. 'मिरर'मध्ये पूर्ण ड्राइव्ह खाली उतरतो आणि ८० जीबीचं खातं १२८ जीबीच्या मशीनला आडवं करतं. 'स्ट्रीम'मध्ये जी नावाचा वेगळा ड्राइव्ह तयार होतो आणि फाइली मागाल तेव्हा येतात.

पण 'स्ट्रीम'लाही कॅश, म्हणजे फाइली तात्पुरत्या ठेवायचा साठा, लागतो आणि तो सी ड्राइव्हवरच असतो: युजरच्या फोल्डरात ॲपडेटा, लोकल, गुगल, ड्राइव्हएफएस. जी ड्राइव्हवर काहीही टाकलं की ते आधी या कॅशमध्ये लिहिलं जातं, मग वर चढतं. सी ड्राइव्हवर ८ जीबी मोकळे असताना २० जीबीचं फोल्डर जी ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी मध्येच अडकते, मग गुगलवर कितीही जागा असो. लॅपटॉपला दुसरा ड्राइव्ह असेल तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॅशची जागा बदलता येते. नसेल तर लहान तुकड्यांत चढवणं हाच मार्ग. वनड्राइव्हसारखी '१४ दिवसांनी मोकळं कर' ही सोय इथे नाही. विंडोजचं स्टोरेज सेन्स या वेगळ्या ड्राइव्हपर्यंत पोचत नाही. 'ऑफलाइन ॲक्सेस'मध्ये जाऊन 'ऑनलाइन ओन्ली' हाताने निवडावं लागतं. तिसऱ्या कसोटीवर गुगल मागे पडतं ते यामुळे.

ड्राइव्हएफएसचं फोल्डर फुगलेलं दिसलं म्हणून ते हाताने पुसू नका. वर न चढलेल्या फाइलींची एकमेव प्रत तिथेच असू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये या ॲपच्या ८४व्या आवृत्तीत काही लोकांच्या सिंक न झालेल्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या. गुगलने तेव्हा खातं डिस्कनेक्ट करू नका, ॲपचं डेटा फोल्डर पुसू नका असं सांगितलं आणि नंतर ॲपमध्येच फाइली परत मिळवण्याची सोय दिली. फोल्डर घाईने साफ केलेल्यांना ती सोय उपयोगी पडण्यासारखी नव्हती.

गुगल डॉक्स आणि शीट्सच्या फाइली एक्सप्लोररमध्ये दिसतात, पण तो फक्त दुवा असतो. त्या पेन ड्राइव्हवर टाकून झेरॉक्सच्या दुकानात नेल्या तर छापायला काहीच मिळत नाही. आधी ब्राउझरमध्ये उघडून पीडीएफ किंवा वर्ड म्हणून डाउनलोड करा.

गुगलच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. मोबाइलवरून स्कॅन करून थेट ड्राइव्हमध्ये टाकणं, लिंक पाठवून मोठी फाइल देणं आणि एकाच शीटवर चार जणांनी काम करणं यात ते सर्वांत सोपं आहे. ज्याचं काम ब्राउझरमध्येच चालतं त्याने ॲप बसवूच नये; वेबसाइट पुरते आणि सी ड्राइव्हवर ताण येत नाही.

ड्रॉपबॉक्स आणि मॅक

ड्रॉपबॉक्स फुकट २ जीबी देतं आणि फुकट खातं तीनच उपकरणांवर चालतं. मोठ्या फाइलीत बदललेला भागच वर पाठवण्याची त्याची पद्धत डिझाइनवाल्यांना आवडायची, पण आता वनड्राइव्हही तेच करतं. फक्त जागा वाचवायची म्हणून ड्रॉपबॉक्सचे पैसे भरावेत असं वाटत नाही. मॅकबुक असेल तर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' सुरू करा. तिथे कुठली फाइल खाली ठेवायची ते मॅकच ठरवतो. २०२४ च्या मॅकओएस सेक्वोया या आवृत्तीपासून 'कीप डाउनलोडेड' हा पर्याय आला, त्यामुळे प्रवासात लागणारी फाइल हुकमी जवळ ठेवता येते.

नावं, फाँट आणि टॅली

फाइलीच्या नावात विंडोजला तिरकी रेघ (/), अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह (?), तारांकन (*) अशी चिन्हं चालत नाहीत. आपल्याकडे याचा फटका सातबाऱ्याला बसतो. फोनवरून गुगल ड्राइव्हमध्ये '७/१२ उतारा' असं नाव दिलं तर लॅपटॉपवर ती फाइल नाव बदलूनच दिसते. वनड्राइव्ह तर असं नाव घेतच नाही. '७-१२ उतारा' लिहा. तारखाही १५/०८ अशा न लिहिता २०२५-०८-१५ अशा लिहिल्या तर फाइली आपोआप क्रमाने लागतात.

देवनागरी नावं बिनधास्त वापरा, फक्त लांबी सांभाळा. संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजतो. 'जिल्हा' आपल्याला दोन अक्षरं वाटतात, संगणकाला सहा. विंडोजमधले बरेच प्रोग्रॅम पूर्ण मार्ग २६० चिन्हांपर्यंतच झेपवतात आणि वनड्राइव्हची मर्यादा ४०० आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि प्रत्येकाचं नाव अख्खं वाक्य असेल तर सिंक अडतो.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटातल्या फाइली क्लाउडवर सुरक्षित राहतात, पण ब्राउझरमध्ये उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि मराठी शब्दाने शोधल्या तर सापडत नाहीत. फाइल बिघडलेली नसते, त्या यंत्रावर फाँट नसतो. अशा प्रत्येक फाइलीची पीडीएफ प्रत शेजारी ठेवा आणि नाव युनिकोडमध्ये द्या.

टॅलीचा चालू डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल आणि कुठलाही चालता डेटाबेस सिंकच्या फोल्डरात ठेवू नका. अशा फाइली काम चालू असताना सतत बदलत असतात. सिंकचं ॲप अर्धवट अवस्थेतली प्रत उचलतं, दुसऱ्या मशीनवर वेगळी प्रत बनते आणि हिशोब उघडेनासा होतो. टॅली बंद करून त्याचा बॅकअप घ्या आणि तो बॅकअप क्लाउडवर टाका.

चढवायला किती वेळ?

५० जीबी डेटा १० एमबीपीएस अपलोडने चढायला न थांबता ११ तास लागतात, ४० एमबीपीएसने पावणेतीन. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला वेग बऱ्याचदा डाउनलोडचा असतो, अपलोडचा आधी मोजून पाहा. एका वेळी ५ ते १० जीबी वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवा, सिंक पूर्ण होऊ द्या, वेबसाइटवर जाऊन दोन-तीन फाइली उघडून पाहा, मग जागा मोकळी करा आणि पुढचा गठ्ठा घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये तो 'मीटर्ड' करून ठेवा. वनड्राइव्ह अशा जोडणीवर आपोआप थांबतं, नाहीतर दिवसाचा २ जीबी डेटा पहिल्या वीस मिनिटांत संपू शकतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी चुकलं की ते सगळीकडे चुकतं. फोटो, घराची कागदपत्रं आणि हिशोब यांची आणखी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच आणि ती डिस्क एरवी लॅपटॉपपासून सुटी ठेवायची.

पैसे भरायचे तर?

ऑफिस विकत घेणारच असाल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनलसोबत १ टीबी मिळतं आणि वेगळा क्लाउड घ्यायची गरज उरत नाही. फॅमिली प्लॅनमध्ये सहा जणांना प्रत्येकी स्वतंत्र १ टीबी मिळतं. गुगल वनमध्ये आणखी पाच जणांना जोडता येतं, पण अतिरिक्त जागा सगळ्यांत मिळून एकच असते. एकाने व्हिडिओ भरले की सगळ्यांचं अडतं. फक्त फोन आणि जीमेल भरलंय आणि लॅपटॉपवर फारसं काम नाही, अशांना गुगलचे १०० जीबी पुरतात.

विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या खात्यावर सगळा संसार मांडू नये. शिक्षणसंस्थांसाठी गुगलची अमर्याद जागा २०२२ मध्ये संपली आणि पास झाल्यावर बरीच कॉलेजं खातं बंद करतात. कॉलेजने परवानगी ठेवली असेल तर गुगल टेकआउटच्या 'ट्रान्सफर' पानावरून ड्राइव्ह आणि मेल थेट आपल्या खासगी जीमेल खात्यात कॉपी करता येतात. ही कॉपी गुगलच्या सर्व्हरवरच होते, लॅपटॉपची जागाही जात नाही आणि डेटाही. मात्र तिला आठवडाभरही लागू शकतो, शिवाय खासगी खात्यात तेवढी जागा रिकामी हवी. शेवटची परीक्षा संपायच्या आधीच ती सुरू करा.